आईंच्या राखेतल्या बिया: वैशाखातच टाकू की रोहिणीची वाट पाहू?

पागोळी | १२ मे २०२६

नमस्कार. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, देवरुखपासून थोडं आत. सासूबाईंना जाऊन आता तीन वर्षं होतील. अण्णा म्हणजे माझे सासरे इथे एकटेच होते, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी ठाण्याहून इकडे राहायला आले. घर, आंब्याची वीस झाडं, थोडी भातशेती, आणि मागे आईंचं परसू. त्या परसाबद्दलच विचारायचं आहे.

आईंनी बी जपलेलं आहे. माजघरातल्या फडताळात औषधाच्या जुन्या काचेच्या बाटल्या आहेत, त्यात चाळलेली राख, राखेत बिया, तोंडाला फडक्याचा बोळा. प्रत्येक बाटलीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. "काकडी, लांब." "दोडका, वईवरचा", म्हणजे कुंपणावरचा. "भोपळा, तांबडा, गोड." आणि एका बाटलीवर नुसतं "पडवळ, माहेरचं".

गेल्या वर्षी मी घाई केली. १५ मेला अकरा आळी केली, चांगली वीतभर खोल, शेणखत घातलं, बिया लावल्या आणि रोज सकाळी विहिरीचं पाणी शेंदून घातलं. पुढचं तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. २० तारखेच्या सुमारास पाऊस सुरू झाला तो थांबलाच नाही, २५ मेला तर मान्सूनच तळकोकणात आला आणि दुसऱ्या दिवशी मुंबईत. माझी अकराही आळी तुडुंब भरली. चार दिवसांनी बोटाने माती उकरून पाहिली. पडवळाची बी फुगून मऊ पडलेली, टरफल उकललेलं, आत कोंबाऐवजी पांढरट लगदा आणि आंबूस वास. मी ती बी हातात धरून बराच वेळ तिथेच बसले. पुढे भोपळ्याचे दोन वेल तेवढे वर आले, तर त्यांच्या पानांची तांबड्या भुंगेऱ्यांनी चाळण केली.

आता माहेरच्या पडवळाच्या बावीस बिया उरल्यात. मोजल्यात. आईंच्या माहेरी आता कुणी राहत नाही, म्हणजे ही बी संपली की संपली.

म्हणून विचारते:

या वर्षी लावायचं कधी? शेजारच्या काकू म्हणतात अक्षय्य तृतीयेलाच लावायला हवं होतं, आता उशीर झाला. अण्णा म्हणतात रोहिणी नक्षत्र लागू दे. वाडीतलं आणखी एक मत असं की १७ तारखेपासून अधिक ज्येष्ठ लागतो, महिना वाढला म्हणजे सगळं महिनाभर पुढे ढकलायचं. अण्णांनी जन्मभर भात केलं, परसात ते कधी आले नाहीत, त्यामुळे त्यांनाही नेमकं सांगता येत नाही.

दुसरं, ऋषिपंचमीची भाजी आई पूर्णपणे परसातली करायच्या. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी चालत नाही, म्हणून नांगर न लागलेल्या जागेतलं. गेली तीन वर्षं ती बाजारातून आणलेल्या भाज्यांची झाली. या वर्षी मला ती घरची करायची आहे.

कृष्णाकाठ | १२ मे २०२६

ताई, मी वाईकडचा. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला वेल लावतात आणि ते जमतं, कारण जूनभर पाऊस बेताचा. पाट किंवा विहिरीचं पाणी द्यायचं, आळं खोलगट ठेवायचं म्हणजे पाणी मुळाशी राहतं. मृगाचा पाऊस येईतो वेल मांडवाला पोचलेला असतो. पण हे देशावरचं गणित. तुमच्याकडच्या पावसात खोल आळं म्हणजे डबकं होणार. कोकणातल्या कुणीतरी सांगावं.

चुलवण | १३ मे २०२६

पागोळी, तुला एकेरीच म्हणते, माझी थोरली सून तुझ्याच वयाची आहे. मी गुहागर तालुक्यातली. लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणजे अठ्ठेचाळीस पावसाळे परसात काढलेत.

तुझी बी घाईने नाही मेली, खोल आळ्याने मेली. १५ मेला लावलेलं बी पाऊस आला तरी जगलं असतं, त्याला पाण्याबाहेर राहायला जागा हवी होती. आळं म्हणजे खळगा, हे उन्हाळ्यापुरतं. पावसाळी वेलाचं आळं म्हणजे उंचवटा. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. काकडी-पडवळाला पाणी लागतं, पण मुळाशी साचलेलं एक दिवससुद्धा सोसत नाही.

आता वैशाख संपायला तीन-चार दिवस आहेत, तेवढ्यात माती करायला घे. बी अजून बाटलीतच राहू दे. हातभर रुंद आणि वीतभर खोल खण. त्यात आंब्याफणसाचा सुका पातेरा, म्हणजे गळलेली पानं, भरून जाळ. संध्याकाळी जाळायचं, वारा पडल्यावर, आणि शेजारी पाण्याची बादली ठेवून. या जाळाने दोन कामं होतात. राख तिथेच मिळते, आणि भुंगेऱ्यांची पिल्लावळ मातीत असते ती भाजून निघते. वर पानं खाणारा भुंगेरा आपल्याला दिसतो, पण त्याची अळी खाली मुळं खात असते, ती कुणी बघत नाही. जाळ निवला की तीन-चार दिवस ते उघडंच ऊन खाऊ दे. मग जुनं, हातात घेतल्यावर भुसभुशीत होणारं, वास न येणारं शेणखत एक घमेलं आणि वरची माती कालवून भर, आणि भरत भरत जमिनीच्या वर वीतभर ने. परात उपडी घातल्यासारखं दिसलं पाहिजे. भोवती बोटभर खोल चर काढून तो उताराकडे सोडून दे.

काकडीच्या दोन आळ्यांत चार-पाच फूट ठेव. भोपळ्याला आठ-दहा फूट, आणि त्याला मांडव नको, वईवर किंवा गोठ्याच्या छपरावर सोड. माझ्या सासूबाई भोपळा नेहमी शेणकईच्या, म्हणजे शेणाच्या खड्ड्याच्या, कडेला लावायच्या, वेगळं खत म्हणून कधी घातलं नाही.

बी टाकायचं रोहिणीत, २५ मेच्या पुढे. आधी नको असं नाही, पण मेमध्ये विहिरीचा तळ दिसायला लागतो, उन्हाने कोंब करपतो, आणि हिरवं दुसरं काही नसल्यामुळे गावातले सगळे भुंगेरे तुझ्याच चार पानांवर येतात. रोहिणीत लावलं की मृगाच्या पहिल्या पावसाला वेल चार-पाच पानांवर असतो, आणि आर्द्रेचा मोठा पाऊस येईतो मांडवाची काठी धरतो. पावसाळ्यात कोवळा कोंब मरतो, धरलेला वेल मरत नाही. माझ्या अठ्ठेचाळीस वर्षांतलं एवढं एक मी छातीवर हात ठेवून सांगेन.

अधिक महिन्याचं म्हणशील तर पेरणीला त्याचा काही संबंध नाही. नक्षत्रं सूर्यावर चालतात. सूर्य रोहिणीत २५ मेच्या सुमाराला, मृगात ७-८ जूनला आणि आर्द्रेत २१-२२ जूनला दर वर्षी जातो, मग अधिक असो वा नसो. २०१८ सालीही अधिक ज्येष्ठच होता, तेव्हाही आम्ही रोहिणीतच बी टाकलं.

अधिक महिना आड येतो तो सणाला. ते उद्या लिहिते, आता गाय आली.

पागोळी | १३ मे २०२६

चुलवणकाकू, तुमचं वाचून मी लगेच परसात गेले. गेल्या वर्षीची आळी अजून तशीच खोलगट आहेत, कडेला पाण्याच्या रेषा दिसतात. आजच अण्णांना दाखवलं. ते म्हणाले, "तिची आळी उंच असायची खरी, मला वाटायचं माती उरते म्हणून वर घालते."

पडवळाच्या बियांचं काय करू? त्या २०२२ च्या पावसाळ्यातल्या आहेत. उगवतात का पाहायला दहा बिया ओल्या फडक्यात घालाव्यात असं वाचलं, पण बाविसातल्या दहा तपासण्यात घालवायला हात होत नाही.

चुलवण | १४ मे २०२६

तपासायला वेगळ्या काढायच्याच नाहीत. ज्या फडक्यात मोड येईल त्यातूनच लावायचं, म्हणजे एकही वाया जात नाही.

पडवळाची बी नीट बघ. तपकिरी, चपटी, कड नागमोडी, करवंटीसारखी कडक. चार वर्षं राखेत राहिलेली आणखी कडक झालेली असेल. टोकाकडची कड खडबडीत दगडावर हलकेच दोनदा घास, आत पांढरं दिसायच्या आधी थांब. रात्रभर कोमट पाण्यात ठेव. सकाळी सुती फडक्यात गुंडाळून, पिळून, चुलीजवळच्या फळीवर ठेव. फडकं ओलसर हवं, गळकं नको. चार दिवसांत काहींना मोड दिसेल, काही आठ दिवस घेतील, तेव्हा घाई करून टाकून देऊ नकोस. मोड तांदळाच्या कणीएवढा झाला की लावायची. मोड खाली, बोटाची दोन पेरं खोल.

आणि सगळी बी एका दिवशी मातीला देऊ नये. अकरा आता, अकरा राखेतच राहू देत.

आता सणाचं. गेल्या वर्षी गणपती २७ ऑगस्टला होते. या वर्षी अधिकामुळे १४ सप्टेंबरला, आणि ऋषिपंचमी १५ ला. म्हणजे सण अठरा-एकोणीस दिवस लांबला, पण वेल पंचांग बघत नाही. रोहिणीत लावलेली काकडी पन्नास दिवसांत धरते, जुलैच्या मध्याला. महिना-सव्वा महिना देते आणि सप्टेंबरात नुसता पिवळा वेल उरतो. अधिकाच्या वर्षी बायका हळहळतात ती याच्यासाठी, आषाढात काकड्या वाटून संपतात आणि गौरीला बाजार गाठावा लागतो.

म्हणून असं कर. भोपळा रोहिणीतच लाव. पिकायला त्याला तीन-साडेतीन महिने लागतात, तो बरोबर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हातात येतो. भेंडी पण आत्ताच, आठ धारांची गावठी मिळाली तर तीच, ती उंच वाढते आणि सप्टेंबरपर्यंत देत राहते. अळू, सुरण यांचे कंद अजून लावले नसशील तर उद्याच्या उद्या, त्यांना खरं तर उशीरच झालाय. दोडका आणि पडवळ दोनदा, एकदा रोहिणीत आणि एकदा आर्द्रेच्या शेवटी. काकडी दुसऱ्यांदा पुनर्वसूत, म्हणजे ६ ते २० जुलैच्या आत.

भर पावसात बी मातीत टाकलं तर गेल्या वर्षीचंच होईल. म्हणून दुसऱ्या खेपेची रोपं पडवीत करायची, नारळाच्या करवंटीत. खालच्या डोळ्याला भोक असतंच, ते मोकळं करायचं, माती-शेणखत भरायचं, एका करवंटीत एक बी. दोन खरी पानं आली की उघडीप बघून करवंटी फोडायची आणि मातीच्या गोळ्यासकट आळ्यावर बसवायचं. वेलवर्गाच्या मुळांना हात लागलेला चालत नाही, उपटून लावलेली काकडी मान टाकते.

वाफसा | १५ मे २०२६

मी कृषी खात्यात होतो, आता निवृत्त. चुलवणताईंनी जे सांगितलं त्यात बदलण्यासारखं काही नाही. वांगी-मिरची राहिलीत, तेवढंच लिहितो.

त्यांचं बी जागेवर टाकू नका. आत्ता, याच आठवड्यात, गादीवाफा करा: तीन फूट रुंद, अर्धा फूट उंच, वर बारीक चाळलेलं खत. बोटाने चार-चार इंचांवर रेघा ओढून बी विरळ टाका, नखभर मातीने झाका आणि वर पेंढा. वाफ्याभोवती राखेचं रिंगण करा, नाहीतर मुंग्या वांग्याचं बी रांगेने घेऊन जातात. उगवण दिसली की त्याच संध्याकाळी पेंढा काढा. एक दिवस उशीर झाला तरी रोपं लांबट, पिवळी होतात. जूनमध्ये वाफ्यावर झावळ्यांचं उतरतं छप्पर हवं. पाच आठवड्यांचं रोप, पेन्सिलीपेक्षा थोडं बारीक, वीतभर उंच, ते लावायचं.

जांभ्याच्या जमिनीत वांग्याला मर येते. काल ठणठणीत असलेलं झाड आज हिरवंच्या हिरवं कोमेजतं. गेल्या वर्षी जिथे वांगी, मिरची किंवा टोमॅटो होता त्या जागेवर पुन्हा लावू नका. टोमॅटो तर आपल्या पावसात लावूच नका, तो दिवाळीनंतरचा.

भुंगेऱ्यांसाठी: राख पहाटे, पानावर दव असताना धुरळा, म्हणजे चिकटते. पाऊस पडला की ती धुऊन जाते, पुन्हा टाकावी लागते. त्यापेक्षा चार-पाच पानं होईतो जुन्या मच्छरदाणीचा तुकडा काठ्यांवर ताणून झाका, कडा मातीत दाबा. फळं धरायला लागल्यावर फळमाशी येईल, तिच्यासाठी क्यू ल्यूरचा (नर माशीला ओढून घेणाऱ्या वासाचा) सापळा मांडवात टांगा. डंख झालेली कारली-काकडी तिथेच टाकू नका, खोल पुरा.

एक महत्त्वाचं. बी कमी पडेल म्हणून दापोलीच्या कृषी विद्यापीठाची वाणं आणायचा विचार असेल तर काकडीची 'शीतल', कारल्याचं 'कोकण तारा' खुशाल आणा, आपल्या पावसासाठीच काढलेली आहेत. पडवळाचं 'कोकण श्वेता' चांगलंच आहे, पण या वर्षी ते तुमच्या परसात आणू नका. पडवळाचं फूल संध्याकाळी उमलतं, रात्री पतंग परागकण इकडचे तिकडे करतात. दोन पडवळं शेजारी असली की पुढच्या वर्षीचं बी सासूबाईंच्या माहेरचं राहणार नाही.

चुलवण | १५ मे २०२६

हे बरं आठवण केलंत. पागोळी, शेजारी कुणी पडवळ लावलंय का तेही विचार. असेल तर संध्याकाळी उमलायच्या बेतात असलेल्या मादी फुलाला, ज्याच्या देठाशी बोटभर पडवळ असतं त्याला, पातळ कापडाची पिशवी बांध. नर फुलाचीही एक कळी तशीच बांध. रात्री बॅटरी घेऊन जा, पिशवी सोड, नर फूल मादी फुलात हलकेच फिरव आणि पुन्हा बांध. दोन दिवसांनी सोड. त्या फळाला तांबडा दोरा बांधून ठेव, कितीही चांगलं दिसलं तरी भाजीला काढू नकोस. शेंदरी होऊन मऊ पडेपर्यंत वेलावरच राहू दे. एका पिकल्या पडवळात चाळीस-पन्नास बिया सहज निघतात.

या वर्षी एकच पडवळ पिकलं तरी तुझी बाटली भरली. ऋषीच्या भाजीत एक फोड कमी पडली तर पडू दे.

पुणेरी_गॅलरी | १६ मे २०२६

मधेच विचारते, चौथ्या मजल्यावर ऊन चार तास, पडवळ होईल का?

वाफसा | १६ मे २०२६

पडवळ नाही होणार. भेंडी, तांबडा माठ आणि अळू होईल. भेंडीला निदान फूटभर खोल कुंडी घ्या.

पागोळी | २४ मे २०२६

उद्या रोहिणी. सांगायला आले.

आळी नऊ झाली, दोन ठिकाणी जांभ्याचा कातळ लागला म्हणून सोडली. पातेरा अण्णांनी जाळला. भोपळ्याला मी शेणकईची कडा धरली. अळू आणि सुरण १६ तारखेला लावले, अळवाची सुरळी कालच वर दिसली. गादीवाफ्यावर मिरची उगवली, वांगी अजून नाहीत.

पडवळाच्या अकरा बिया १७ तारखेला रात्री भिजत घातल्या. चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी एक, सहाव्या दिवशी दोन, आज सकाळी आणखी दोन. टरफलाच्या टोकाशी चीर पडून पांढरं टोक बाहेर आलंय, काकूंनी म्हटलं तसं कणीएवढं. पाच झाल्या. उरलेल्या सहा फडक्यातच ठेवल्यात, आठ दिवस पुरे होईतो हात लावणार नाही. शेजारी दोन घरं सोडून पडवळ आहे, म्हणून पिशव्या शिवून ठेवल्यात, आईंच्या जुन्या मलमलीच्या लुगड्याच्या.

पडवळाची जागा अण्णांनी दाखवली. विहिरीच्या वरच्या अंगाला, माडाच्या सावलीतून सुटलेली. तिथे खणताना पहार ठक्कन लागली. दगड असेल म्हणून कडेने माती काढली तर लाकूड निघालं, वरून कुजलेलं, खाली टणक. आईंच्या मांडवाच्या मेढीचा, म्हणजे खांबाचा, बुडखा. अण्णांनी तो ओळखला, ऐनाच्या झाडाचा आहे म्हणाले, त्यांनीच तोडून दिला होता. आम्ही तो काढला नाही. त्याच्यापासून हातभर सोडून आळं घेतलंय, उंच.